मात होईपर्यंत बसणाऱ्या अक्का

यशोधराअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका जिंकलेल्या डावावर चिडून बसल्या होत्या. धुळ्यात आमच्या बुद्धिबळाच्या टीमची निवड चालली होती. समोरच्या प्राध्यापकांचा वजीर गेला, त्यांनी रीतीप्रमाणे आपला राजा आडवा केला, हसून हात पुढे केला आणि खुर्ची मागे सरकवली. अक्कांनी तो हात हातात घेतलाच नाही. "बसा," त्या म्हणाल्या, "अजून मात व्हायची आहे." प्राध्यापकांना वाटलं, बाईंच्या लक्षात आलं नाही. आपण हरलो आहोत, हे त्यांनी फार सौजन्याने समजावून सांगितलं. "तुम्ही हरलात ते दिसतंय मला. मी अजून जिंकायची आहे," अक्का म्हणाल्या. प्राध्यापक हसत हसत चहाला निघून गेले. मग अक्कांनी आडवा पडलेला राजा उचलून उभा केला, एक चाल त्यांच्या वतीनं, एक स्वतःची, अशा सगळ्या चाली एकटीनं करून मात केली आणि मगच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हं भाऊ, आता लिहा निकाल."

माझं जळगावात चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचं, एवढाच माझा संसार. त्यात रावेरचे गोपाळशेठ एक दिवस दुकानात आले. केळीचे मोठे व्यापारी. देशभर ऑनलाइन बुद्धिबळाची एक लीग सुरू झाली होती, शहराशहरांच्या टीम, प्रत्येक टीमला मालक, आणि शेठना वाटलं की आपल्या खान्देशचीही एक टीम पाहिजे. मी कॅप्टन झालो. पहिल्या पटावर एरंडोलचा मयूर, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आणि हाताला विलक्षण वेग. दुसऱ्या पटावर मी. चौथ्यावर आमचे दातांचे डॉक्टर, ते दुखरा दात जितक्या सावकाश हलवतात तितक्याच सावकाश प्यादी हलवत. लीगचा नियम असा होता, की प्रत्येक टीममध्ये एक बाई हवी आणि एक पन्नाशीच्या पुढचा खेळाडू हवा. साठीला टेकलेल्या अक्कांनी दोन्ही अटी एकटीनं पूर्ण केल्या, त्यामुळे शेठ पहिल्याच दिवशी त्यांच्यावर खूश झाले. ती खुशी फार टिकली नाही.

अक्का धुळ्याच्या कोर्टात वकिली करत. कोर्टासमोर एका जिन्याखाली त्यांचं ऑफिस होतं आणि लीगचे डावही त्या तिथूनच खेळत. लॅपटॉप, त्यावर कॅमेरा, मागे कायद्याच्या पुस्तकांचं कपाट, आणि वर कुरकुरणारा पंखा. खोलीत दुसरं कुणी असता कामा नये असा लीगचा दंडक. पण रविवार असला म्हणून काय, साक्रीकडच्या पक्षकाराला धुळ्याला यायला रविवारच सोयीचा. एकदा डाव रंगात आला असताना एक म्हातारा सरळ आत येऊन बाकावर बसला. पडद्यावरच्या पंचानं आरडाओरडा केला. अक्का म्हणाल्या, "हा माझा पक्षकार आहे. याच्या बांधाचा दावा आहे. याला घोडा आणि उंट सारखेच." पंच ऐकेना, तेव्हा त्या म्हाताऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आबा, बाहेर बस जरासा. आखो डाव बाकी शे." म्हातारा उठला आणि दारातून विचारता झाला, "कोन जिकी राहिनं?" अक्कांनी खरं ते सांगितलं, "तो."

"डाव बाकी शे", म्हणजे अहिराणीत डाव अजून बाकी आहे, हे त्यांचं पालुपद होतं. खेळाच्या संकेतस्थळावर पडद्याच्या कडेला पांढऱ्या झेंड्याचं एक बटण असतं. आपली बाजू बुडाली असं वाटलं की ते दाबायचं, म्हणजे हार मानली. जाणते खेळाडू ते वेळेवर दाबतात, त्यात समोरच्याचा मान राखला जातो असं मानतात. अक्कांनी ते बटण कधीही दाबलं नाही. हत्ती गेला तरी खेळत, वजीर गेला तरी खेळत, राजा एकटा उरला तरी त्याला घेऊन पटभर फिरत. आणि समोरच्यानं हार मानली तर मात्र त्यांचा चेहरा पडे. "पळाला," असं म्हणून त्या शेजारचा लाकडी पट पुढे ओढत आणि उरलेला डाव मात होईपर्यंत एकट्याच खेळून संपवत. आम्ही तिघं तोवर कॅमेऱ्यासमोर ताटकळत बसलेले असू.

हे सगळं आमच्या आमच्यात होतं तोवर गंमत होती. पण लीगचे सामने थेट दाखवले जात आणि त्यावर दोन तरुण समालोचक बोलत. तिसऱ्या की चौथ्या सामन्यात अक्का नुसता राजा आणि एक प्यादं घेऊन बराच वेळ लढत राहिल्या. बाकीचे डाव संपून गेले होते, पुढचा सामना खोळंबला होता. एक समालोचक म्हणाला, "आजींना बटण सापडत नाहीये वाटतं." दुसरा म्हणाला, "चष्मा बदलायला हवा." दोघं पोट धरून हसले. तो तुकडा मग फोनाफोनांवर फिरला. मला भयंकर संताप आला. आजी म्हणाले म्हणून आला, आणि चष्म्यावरून बोलले म्हणून तर जास्तच आला. त्यांचा चष्मा मी स्वतः करून दिला होता. त्यांना बटण उत्तम दिसत होतं.

मी तावातावानं फोन केला तर अक्का पेरू खात होत्या. "बठ्ठा देखी राहिनात, देखू दे ना," त्या म्हणाल्या. सगळे बघतायत तर बघू देत, असं त्यांचं म्हणणं. "भाऊ, तुम्ही कसाले तापतास?" दोन दिवसांनी लीगच्या व्यवस्थापकाचा त्यांना फोन गेला. फार गोड बोलला म्हणे. हरलेला डाव लांबवणं खेळाच्या संस्कृतीला धरून नाही वगैरे. अक्कांनी शांतपणे विचारलं, "नियम दाखवा." नियम नव्हता, संकेत होता. "मग संकेत तुमच्याकडे राहू द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि व्यवस्थापकानं तो गोपाळशेठना लावला.

शेठनी आम्हाला रावेरला बोलावलं. अक्का एसटीनं जळगावला आल्या, तिथून माझ्या गाडीनं आम्ही निघालो. भुसावळ मागे पडल्यावर त्यांनी आपणहून विषय काढला. त्यांचे वडील साक्रीच्या पुढे डोंगरातल्या एका गावात शाळामास्तर होते. बौद्धांचं ते गावातलं एकच शिकलेलं घर. मास्तर बुद्धिबळ उत्तम खेळत, म्हणून गावची बडी मंडळी त्यांना पारावर खेळायला बोलवत. बोलवत म्हणजे वरच्या पायरीवर ते आणि खालच्या पायरीवर मास्तर, मधे कापडाचा पट. डाव मास्तरांच्या बाजूला झुकला की समोरचा माणूस जांभई देई, "बास मास्तर, राहू द्या आता," म्हणून पट चारी टोकांनी उचली आणि सोंगट्या आत ठेवूनच गुंडाळून टाकी. आठ-नऊ वर्षांची यशोधरा शेजारी उभी राहून हे बघायची. "माझे वडील त्या गावात इतकी वर्षं खेळले," अक्का म्हणाल्या, "आणि एकदाही जिंकले नाहीत, एकदाही हरले नाहीत. त्यांना डाव पुरा करू दिलाच नाही कुणी. डाव कधी संपायचा ते वरच्या पायरीवर ठरायचं." बाहेरच्या केळीच्या बागांकडे त्यांनी एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "मला हरायचं वावडं नाही, भाऊ. पण पुरा हरवा मला."

शेठच्या शेडमध्ये केळीचे घड पाण्यातून निघत होते, फण्या कापून खोक्यांत भरल्या जात होत्या. शेठ मनानं वाईट नव्हते. त्यांना फक्त हसं झालेलं सहन होत नव्हतं. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा आला, आणि बराच वेळ केळीच्या भावावर बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. "अक्का, लोक मले इचारू रायले, या बाईले बटन दिसत नही का म्हनून. मी काय सांगू त्याइले?" अक्कांनी चहा संपवला. शेठ आणखी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही असं करा ना. घरगुती कारणानं माघार घेऊ रायले, एवढं ग्रुपवर टाका. कोनाले काही बोलायची गरज नही. तुमच्या जागी दुसरी बाई मी पाहून घेतो. तुमचाही मान राह्यते."

"शेठ," अक्का म्हणाल्या, "कोर्टात जज्जसाहेब कधी कधी म्हणतात, बाई, हा अर्ज काही टिकत नाही, मागे घ्या, नाहीतर मला फेटाळावा लागेल. मी काय म्हणते माहितीये? फेटाळा. मी मागे घेणार नाही. फेटाळला तर निदान कागदावर राहतं की ही बाई मागायला आली होती आणि अमुक कारणानं तिला नाही म्हटलं. मागे घेतला तर मी आलेच नव्हते." शेठ गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "तुम्हाला मी नको असेन तर काढा मला," अक्का पुढे म्हणाल्या. "सगळ्यांसमोर, कारण सांगून. घरगुती कारण मला काही नाही. घरी सगळे ठीक आहेत."

मी शेठना सांगितलं, की टीम ठरवणं कॅप्टनचं काम आहे आणि डॉक्टरांपेक्षा अक्कांचे गुण जास्त आहेत, तेव्हा त्या खेळणार. शेठचा चेहरा लाल झाला. शेवटचा सामना उरला होता आणि तक्त्यात आम्ही तळाशी होतो. तो हरलो तर टीम लीगच्या बाहेर, बरोबरीत सुटलो तरी पुढच्या वर्षी जागा पक्की. शेठ म्हणाले, "ठीक शे. पन आपली टीम यांच्या हट्टापायी गेली, तर मी खरंच सर्व्यायसमोर काढीन, मग मले बोलू नका." अक्का उठता उठता म्हणाल्या, "बरं झालं. निदान कारण तरी ठरलं." निघताना शेठनी त्यांच्या हातात केळ्यांची एक फणी दिली आणि त्यांनी ती आनंदानं घेतली.

शेवटचा सामना लीगमधल्या सगळ्यात वरच्या टीमशी होता. त्यांचं पहिलं स्थान आधीच पक्कं झालं होतं, त्यांना या सामन्याचं सोयरसुतक नव्हतं. मयूर जिंकला, काय सुंदर जिंकला. मी हरलो. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांतले शेवटचे काही सेकंद उरेपर्यंत विचार करून बरोबरी साधली. दीड-दीड झाले आणि उरला फक्त अक्कांचा डाव. मी हरल्यावर माझ्या खोलीचं दार उघडलं, तर बाहेर गाडीत बसून फोनवर सामना बघणारे गोपाळशेठ धावतच आत आले आणि माझ्या शेजारी टेकले.

अक्कांचा डाव बुडाला होता. समोर विशीतला एक तरबेज मुलगा. त्याच्याकडे वजीर आणि अक्कांकडे एक घोडा आणि दोन-तीन विखुरलेली प्यादी. समालोचकांना तर पर्वणीच. "आता आपण जेवून येऊ," एक म्हणाला. तेवढ्यात त्या मुलाला काय वाटलं कोण जाणे, तो कॅमेऱ्याकडे बघून हसला, हात जोडून नमस्कार केला आणि त्यानं बरोबरीचा प्रस्ताव पाठवला. जिंकत असलेल्या मुलानं! अक्कांच्या पडद्यावर चौकट आली असणार, बरोबर किंवा फुली. समालोचक म्हणाले, "वा, काय मोठ्या मनाचा मुलगा! आजींना भेट!"

शेठनी माझा दंड घट्ट धरला. ते बरोबरचं चिन्ह दाबलं की दोन-दोन, टीम वाचली, अक्का वाचल्या, मयूरचं लीगमधलं पुढचं वर्ष वाचलं. "फोन लावा तिले," शेठ ओरडले. "लावता येत नाही शेठ, बाद होऊ." आम्ही दोघं पडद्यावरचा तो चौकोनी चेहरा बघत बसलो. अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. आणि फुली दाबली.

मुलाचं हसू गेलं. अक्कांचा घोडा उडाला, शह. मुलाचा राजा सरकला. पुन्हा घोडा, पुन्हा शह. मुलगा आता घाईला आला, त्याला हे लवकर आटपायचं होतं, आणि एका क्षणी त्यानं वजीर अशा घरात ठेवला की पुढच्या उडीत घोडा राजाला शह देऊन वजीर खाणार. समालोचक खुर्च्या पुढे ओढून बसले. पण घोड्याला ज्या घरात उडी घ्यायची होती तिथं अक्कांचंच एक प्यादं उभं होतं, ते हलवण्यात एक चाल गेली आणि मुलाला दिसलं. त्यानं वजीर बाजूला घेतला. पुढे काही चालींत मात झाली. तो मुलगा खुर्चीत सरळ बसला होता, घाम पुसत होता. अक्का कॅमेऱ्यात म्हणाल्या, "चांगली मात केलीस, बाळा." आम्ही लीगमधून बाहेर गेलो होतो.

मी फोन केला तेव्हा माझा आवाज चढलेला होता, तो मी लपवला नाही. "अक्का, तो बरोबरी देत होता!"

"देत होता ना. मी मागितली होती का?"

"टीम गेली आपली."

"गेली. माझ्यामुळे गेली," त्या म्हणाल्या. "भाऊ, पारावर हरताना पट गुंडाळायचे. हा जिंकताना गुंडाळत होता, नमस्कार करून. गुंडाळणारा तोच ना शेवटी? त्याला खेळून जिंकायला लावलं मी. घाम फुटला की नाही पोराला?"

मला काय वाटलं ते नीट सांगतो. मला त्यांचा राग आला आणि त्यांचा अभिमान वाटला, आणि दोन्ही एकमेकांना जागा देईनात. आजही दोन्ही तसेच आहेत. मी असतो तर बरोबरी घेतली असती, गुपचूप, आणि घरी जाऊन शांत झोपलो असतो. पण एका माणसाला तरी ती घ्यावीशी वाटली नाही, हे बघायला मिळालं.

पुढच्या रविवारी शेठनी सगळ्यांना पुन्हा शेडमध्ये जमवलं. डॉक्टर आलेच नाहीत. पेशंट फार आहेत, खेळाला वेळ होत नाही, असं त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं. मयूर मात्र पेटलेला होता. तो सरळ अक्कांसमोर जाऊन उभा राहिला. "अक्का, माझं वर्ष घालवलंत तुम्ही. मी जिंकलो होतो." अक्का म्हणाल्या, "हो. तू जिंकला होतास आणि मी घालवलं." सॉरी म्हणाल्या नाहीत, समजूत घातली नाही, नजरही खाली घातली नाही. मयूर आणखीच चिडला आणि तोंड फिरवून बसला.

शेठ उभे राहिले. बोलायची त्यांना सवय नव्हती. "तर मंडळी, अक्काले आपन…" एवढं म्हणून थांबले. "पूर्ण नाव घ्या शेठ," अक्का म्हणाल्या. शेठनी पूर्ण नाव घेतलं, पुढे ॲडव्होकेट लावून. बरोबरी मिळत असताना घेतली नाही आणि त्यामुळे टीम लीगबाहेर गेली, या कारणानं मी त्यांना टीममधून काढतो, असं एका दमात बोलून ते मटकन खाली बसले. केळी धुणाऱ्या बायासुद्धा हात थांबवून बघत होत्या.

"ऐकलं," अक्का म्हणाल्या. "मान्य नाही."

"अहो, तुम्हीच म्हने का काढा!"

"काढा म्हटलं. मान्य करीन म्हटलं नव्हतं."

शेठनी कपाळावर हात मारला आणि मयूरकडे वळले. पुढच्या वर्षी नवी टीम विकत घ्यायची, बाहेरचे मोठे खेळाडू आणायचे, असं त्यांच्या मनात होतं. मयूरला समजावत म्हणाले, "तू तरी गपचूप माघार घे बाबू. अभ्यासाचं कारण टाक." मयूर त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "नाही घेणार. काढायचं तर काढा. कारण सांगून." अक्का चटकन म्हणाल्या, "माझ्यासाठी करत असशील तर करू नको." तो फणकारला, "तुमच्यासाठी कोण करतंय? मला अजून राग आहे तुमचा." मग शेठ माझ्याकडे वळले आणि मीही तेच सांगितलं. मला त्या क्षणी इतका आनंद झाला, की काही विचारू नका.

"अरे, पन तुमाले काहून काढू मी?" शेठ काकुळतीला आले. "हा जिंकला, तुम्ही कॅप्टन. कारन काय सांगू?"

"ते तुम्ही शोधा," मयूर म्हणाला.

शेठना ते अजून सापडलेलं नाही. त्यांची नवी टीम लीगमध्ये झोकात खेळते, तिच्यात खान्देशचा एकही माणूस नाही. आमची जुनी टीम कुठेच खेळत नाही, पण ती मोडल्याचंही कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे मयूर आणि मी अजून तिच्यात आहोत. यशोधराअक्कांना काढलेलं आहे. त्यांना ते मान्य नाही.